एका धुराड्याची दोन घरं

रादिसाव माझा थोरला दीर. त्याच्या आणि माझ्या घरात एक भिंत आहे, एकेरी विटेची, चिखलात रचलेली. भिंतीच्या मधोमध एक धुराडं आहे आणि ते दोघांचं आहे. सगळ्या दुखण्याचं मूळ तेच.

वारोश गावाच्या वर डोंगरात आमची वाडी. सासरे गेल्यावर दोघा भावांनी घराच्या मधोमध दोरी धरली आणि दोरीच्या रेघेवर भिंत उभी केली. सासऱ्यांनी बांधलेली, घर उबदार ठेवायची, हिरव्या फरशा लावलेली भट्टी रादिसावच्या वाट्याला गेली. माणसाच्या उंचीची भट्टी, पहाटे दोन तास पेटवली की दुसऱ्या दिवसापर्यंत अंगातली ऊब सोडत नाही. माझ्या नवऱ्याला, ओब्रादला, स्वयंपाकघर आणि लोखंडी चूल मिळाली. ही चूल पेटली की लालबुंद होते आणि विझली की अर्ध्या तासात हात लावला तरी गार. भट्टीचा धूर आणि चुलीचा धूर त्या एकाच धुराड्यातून वर जातो.

आणखी एक घोळ दोरीनेच केला. धुराड्याच्या पायाशी काजळी काढायचं वीतभर लोखंडी दार असतं. ते त्याच्या बाजूला गेलं. माळ्यावर आणि तिथून छपरावर जायची शिडी माझ्या बाजूला आली. म्हणजे धुराडं साफ करायचं तर दोघांचीही घरं उघडी हवीत. ओब्राद होता तोवर दोन्ही दारं उघडायची, शरद ऋतूत एकदा, आणि काजळी काढून झाली की दोघे भाऊ अंगणात बसून आलुबुखाराची दारू प्यायचे.

अकरा वर्षांपूर्वी फेब्रुवारीत ओब्राद लाकडं तोडायला गेला आणि झाड त्याच्याच अंगावर पडलं. दफनाच्या वेळी, पाद्री अजून पुस्तक मिटत होता तेव्हा, सगळ्या गावासमोर रादिसाव म्हणाला, "हिच्या गुडघ्यांना ऊब हवी होती, म्हणून माझा भाऊ गेला." खरं एवढंच होतं की त्या सकाळी मी म्हटलं होतं, लाकडं दोन दिवस पुरतील. घरातली बाई लाकडं संपत आली हे सांगणार नाही तर कोण सांगणार? पण ते वाक्य माझ्या छातीत जाऊन बसलं ते बसलंच. त्या दिवसापासून मी त्याच्याशी एक शब्द बोलले नाही. चार वर्षांपूर्वी त्याची बायको कोसारा गेली, तिच्या मातीलाही गेले नाही. कोसाराने माझं काही वाकडं केलं नव्हतं. त्याची मला शरम वाटते, पण ते मी रादिसावला कधी सांगणार नाही.

ओब्राद गेल्यापासून माझी चूल धुमसायला लागली. ओढच नाही. लाकूड नीट पेटत नाही, धूर चुलीच्या दारातून खोलीत येतो, पडदे पिवळे पडले, मी बारा महिने खोकते. मला वाटायचं, काजळी साचली असणार. मीही काही संतीण नव्हे. दक्षिणेचा वारा सुटला की धूर उलटा त्याच्या भट्टीत शिरतो हे मला ठाऊक होतं, म्हणून त्या वाऱ्यासाठी मी ओली लाकडं वेगळी रचून ठेवत असे. वारा फिरला की ती चुलीत घालायची आणि पलीकडून त्याच्या खिडक्या धाडधाड उघडल्याचा आवाज ऐकायचा. त्या आवाजाने माझं पोट भरायचं.

गेल्या नाताळाला, आमच्याकडे तो जानेवारीच्या सातला असतो, माझा मुलगा मिल्यान त्याच्या बायकोला घेऊन क्रालेवो शहरातून आला. तियानाला तेव्हा पाचवा महिना होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली ती डोळे लाल करून, आणि बॅग भरायला बसली.

"आई, राग धरू नका," ती म्हणाली. "पण हे घर नाही, हे धुरात मांस वाळवायचं कोठार आहे."

"चार दिवसांनी सवय होते," मी म्हटलं.

"तुम्हाला झाली असेल. बाळ झाल्यावर मी त्याला या धुरात आणणार नाही. एकदा आणून बघेन. खोकला तर परत कधी नाही."

ती तोंडावर बोलते. मला ते आवडतं, पण त्या दिवशी नाही आवडलं.

मे महिन्यात रेल्या झाला. मी त्याला दोनदा पाहिलं, दोन्ही वेळा क्रालेवोत, चौथ्या मजल्यावर, जिथे भिंतीतल्या लोखंडी पट्ट्यांतून ऊब येते आणि कुणाला लाकूड उचलावं लागत नाही. तिथे तो माझा नातू वाटत नव्हता, पाहुण्यांचं मूल वाटत होतं. मला तो माझ्या छपराखाली हवा होता, माझ्या चुलीपाशी, दर हिवाळ्याला. एवढं एकच मला हवं होतं, आणि ते त्या धुराड्यावर अडलं होतं.

ऑक्टोबरमध्ये मी वुकोताला बोलावलं. वुकोता आमच्याकडची सगळी धुराडी साफ करतो, साठीचा आहे, काळा डगला घालतो, आणि रस्त्यात दिसला की लोक अजूनही आपल्या शर्टाचं बटण धरतात, त्याचं दर्शन शुभ म्हणून. माझ्या शिडीने तो छपरावर गेला, धुराड्यात डोकं घालून बघितलं आणि खाली उतरून थेट रादिसावच्या दारात गेला. मी खिडकीमागे उभी राहून ऐकत होते.

"खालचं दार उघडावं लागेल, रादिसाव. वरून ब्रश मारला की सगळं खाली येणार."

"माझ्याकडे काजळी नाही."

"धुराडं एकच आहे."

"मग तिची काजळी तिनेच काढावी. तोंडाने ओढून घेऊ दे."

"बाबा रे, आत डांबर झालंय, बोटभर जाड. एखाद्या दिवशी पेटेल."

"पेटलं तर तिच्याकडून पेटेल. मी कोरडं लाकूड जाळतो."

वुकोता परत माझ्याकडे आला आणि पायरीवर बसून टोपी झटकली. "मी हात लावणार नाही," तो म्हणाला. "खालून काढता येत नसेल तर वरून पाडलेली काजळी तळाशी बसून धुराडं बुजेल आणि तुम्ही दोघं झोपेत गुदमराल. नीट ऐक, रुमेना. कधी पेटलंच, तर पाणी ओतायचं नाही, धुराडं तडकेल. हवा तोडायची. चूल बंद, भट्टी बंद, खालचं दार बंद. आणि तोवर आच मंद ठेव."

"मंद ठेवली की धूर येतो."

"मग दिराशी बोल."

मी त्याला कॉफी दिली आणि विषय बदलला. दिराशी बोलायच्या ऐवजी मी काय केलं ते सांगते, म्हणजे माझाही स्वभाव कळेल. नाताळच्या सकाळी घरात पहिलं पाऊल ज्याचं पडतं त्याच्या पायगुणावर वर्ष जातं, असं आमच्याकडे मानतात. पुरुष हवा, धडधाकट हवा, आणि त्याला आधीच सांगून ठेवतात. तो चुलीतला ओकचा ओंडका काठीने ठोकतो, ठिणग्या उडवतो, आणि जितक्या ठिणग्या तितकं घराला मागतो. वुकोता नऊ वर्षं रादिसावकडे जात होता. धुराडी साफ करणाऱ्याचा पाय म्हणजे दुप्पट शुभ. कॉफी पिता पिता मी त्याला म्हटलं, "यंदा माझ्याकडे ये. नातवाचं पहिलं वर्ष आहे." लहान मुलाच्या नावाने मागितलेलं आमच्याकडे कुणी नाकारत नाही. त्याने डोकं खाजवलं आणि हो म्हणाला. रादिसावला कळलं तेव्हा त्याने अंगणातली बादली लाथेने उडवली. मी ते खिडकीतून पाहिलं आणि दिवसभर गुणगुणत होते.

नाताळच्या दोन दिवस आधी मुलं आली. मी तीन वर्षं वाळवलेलं लाकूड जाळत होते, खिडकी बोटभर उघडी ठेवत होते, रात्री तीनदा उठून चुलीत डोकावत होते. धूर होता, पण थोडा. रेल्या दोन्ही रात्री झोपला. दोनदा शिंकला आणि दोन्ही वेळा तियानाने माझ्याकडे पाहिलं. "थंडीची शिंक आहे," मी म्हटलं. "बघू," ती म्हणाली.

नाताळच्या सकाळी बाहेर उणे चौदा अंश होतं. घरात रिवाजाप्रमाणे जमिनीवर गवत पसरलेलं, टेबलावर नाताळची भाकरी, डुकराचं भाजलेलं मांस झाकून ठेवलेलं. आठ वाजता वुकोता आला, डगला घासूनपुसून, उजवा पाय आधी आत टाकून.

"ख्रिस्त जन्मला," तो म्हणाला.

"खरंच जन्मला," आम्ही म्हटलं, आणि मी त्याच्यावर मूठभर गहू उधळले.

त्याने काठी घेतली, चुलीचं दार उघडलं आणि थबकला. "आत काय कोंबलंयस?"

मी ओंडक्याखाली देवदाराच्या वाळक्या फांद्या भरल्या होत्या आणि हवेच्या झडपा पूर्ण उघड्या ठेवल्या होत्या. देवदार चिकट असतो, त्याच्या ठिणग्या आभाळाला भिडतात. मला नातवासाठी भरपूर ठिणग्या हव्या होत्या.

"मी हळूच ठोकतो," तो म्हणाला. "धुराडं आठवतंय ना तुला?"

"नऊ वर्षं त्याच्याकडे जोरात ठोकत होतास. माझ्याकडे कंजुषी कशाला?"

ही माझी चूक. दुसऱ्या कुणाची नाही, त्यात रादिसावचाही वाटा नाही. वुकोताने मान हलवली आणि ठोकलं. जितक्या ठिणग्या तितकं आरोग्य, जितक्या ठिणग्या तितकी गुरं, जितक्या ठिणग्या तितकी पोरं या घरात. ठिणग्यांचा लोट वर गेला. रेल्या आईच्या कडेवर टाळ्या वाजवायला निघाला होता, त्याचे हात एकमेकांना सापडत नव्हते. मी रडले, खरंच सांगते. मग धुराड्यातून घरघर ऐकू आली. जड मालगाडी चढ चढतेय तसा आवाज, आणि तो वाढतच गेला.

वुकोताने काठी टाकली. "पेटलं," तो म्हणाला.

मिल्यान चुलीकडे धावला, ओंडका चिमट्याने ओढून बाहेर बर्फात फेकायला. मी मध्ये उभी राहिले. "नाताळचा ओंडका विझवायचा नाही. घरातलं माणूस जातं."

"आई, घरच जाईल."

"मी सांगते ना, हात लावायचा नाही."

आम्ही मायलेक तिथे हमरीतुमरीवर आलो आणि डोक्यावर धुराडं डरकाळ्या फोडत होतं. शेवटी वुकोताने आम्हा दोघांना बाजूला ढकललं, चुलीचं दार आपटलं, हवेच्या सगळ्या झडपा लावल्या आणि म्हणाला, "ओंडका राहू दे, आपोआप धुमसेल. मिल्यान, ओल्या गोधड्या घेऊन माळ्यावर जा, तुळयांवर नजर ठेव. मी छपरावर जातो. सुनबाई, बर्फाच्या बादल्या शिडीवर पोचव." तियानाने रेल्याला गोधडीत गुंडाळून माझ्या हातात कोंबलं. "बाहेर जा, आई," ती म्हणाली, आणि बादली उचलून शिडीकडे पळाली. मला इतकी वर्षं वाटत होतं, ही शहरातली मुलगी, हिला काय येतंय.

मी अंगणात उभी होते. धुराड्याच्या तोंडातून हातभर ज्वाळ निघत होती आणि जळते तुकडे लाकडी छपरावर पडत होते. वुकोता फावड्याने त्यांवर बर्फ टाकत होता. तो वरून ओरडला, "चूल बंद आहे तरी भडकतंय. खालून हवा लागतेय. त्याचं काजळीचं दार उघडं आहे, रुमेना. कुणीतरी जाऊन ते लावा."

कुणीतरी म्हणजे मीच. बाकी सगळे वर होते.

रादिसाव आपल्या दारात उभा होता, सणाचं जाकीट घालून, दोन्ही हात चौकटीला लावून. आवाज त्यालाही ऐकू येत होता. पण तो धुराड्याकडे बघत नव्हता, माझ्या पायांकडे बघत होता. माझ्या लगेच लक्षात आलं. त्याच्याकडे अजून कुणी आलं नव्हतं. त्याचा पाहुणा मी पळवला होता.

"ख्रिस्त जन्मला," मी म्हटलं.

या नमस्काराला उत्तर द्यावंच लागतं, वैरी असला तरी. "खरंच जन्मला," तो तोंडातल्या तोंडात म्हणाला. "तिथेच थांब."

"भाऊजी, धुराडं पेटलंय. काजळीचं दार लावायचंय."

अकरा वर्षांत पहिल्यांदा मी त्याला भाऊजी म्हटलं.

"बाई माणसाचं पाऊल पहिलं नको. चार वर्षांपूर्वी खालच्या घरातली येलित्सा वुकोताच्या आधीच अंडी मागायला आली आणि मार्चमध्ये कोसारा गेली. पुरुष पाठव."

"पुरुष छपरावर आहेत. मग तुम्ही लावा."

"मी इथून हललो की तू शिरशील."

"घर जळतंय."

"तुझं जळतंय. तूच पेटवलंस. माझा माणूस पळवून त्याच्या हाताने पेटवलंस. आता पाठव त्यालाच." त्याचे हात चौकटीवरून निघाले नाहीत. मी त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि मला कळलं की हा माणूस खरंच इथे उभा राहून जळेल. त्याला माझी भीती धुराड्यापेक्षा जास्त होती. मला तेव्हा त्याचा इतका तिटकारा आला की हातात मूल नसतं तर मी त्याला डोक्याने ढुशी दिली असती.

मग मी हातातल्या मुलाकडे पाहिलं.

"मी येतच नाही," मी म्हटलं. "हा येतोय. आठ महिन्यांचा पुरुष आहे, धडधाकट आहे. मी त्याचे फक्त पाय." आणि मी गोधडी सोडली, रेल्याचा उजवा पाय हातात धरला आणि उंबऱ्यावर टेकवला. "नाकारा आता."

पहिल्या पावलाचा पाहुणा नाकारता येत नाही, आणि मूल असलं तर मुळीच नाही. रादिसावचे हात चौकटीवरून आपोआप सुटले आणि पुढे आले. मी रेल्याला त्याच्या हातात दिलं आणि त्याच्या काखेखालून आत शिरले.

भट्टीमागे अंधारी जागा आहे, तिथे धुराड्याचा पाया. दार उघडं होतं. नुसतं उघडं नव्हतं, तारेने भिंतीतल्या खिळ्याला बांधून ठेवलं होतं, आणि तार रोजच्या पिळण्याने झिजून धारदार झाली होती. आतून वर बघितलं तर केशरी उजेड होता आणि हवा सूं सूं करत आत ओढली जात होती. मी तार उपटली, बोट कापलं, दार लावलं, खाटेवरचं ब्लँकेट पाण्याच्या घंगाळात बुडवून दाराच्या फटीत कोंबलं. मग पुढे येऊन भट्टीच्या झडपा लावल्या. डरकाळी हळूहळू घरघरीवर आली, मग नुसती धाप राहिली. वरून वुकोताचा आवाज आला, "लागलं. लागलं."

मी भट्टीला टेकून उभी राहिले. खालचं दार उघडं ठेवलं की धुराड्याची ओढ मरते, हे मला त्या क्षणी कळलं. गार हवा खालूनच आत शिरते आणि माझी चूल नुसती धुमसत राहते.

"कधीपासून?" मी विचारलं.

त्याने लपवलं नाही. "ओब्रादला पुरलं त्या संध्याकाळपासून."

"माझ्या चुलीची ओढ जावी म्हणून?"

"हो. भट्टी पेटवताना तेवढं लावायचो, मग पुन्हा बांधायचो. तो बर्फात पडला होता पाच तास. तूही गार बैस, म्हटलं."

"अकरा वर्षं मी खोकतेय."

"ऐकू येतं मला. भिंत पातळ आहे." मग म्हणाला, "आणि दक्षिणेचा वारा सुटला की ओली लाकडं कोण घालतं? कोसाराची छाती आधीच अधू होती."

त्याने जे डांबर चढवलं होतं त्यात माझ्याही ओल्या लाकडांचा थर होता, आणि कोसाराच्या छातीत काय होतं ते देवाला ठाऊक.

एवढ्यात तो मुलाच्या पाहुणचाराला लागला होता. गहू उधळले. पहिल्या पाहुण्याला पांघरतात तशी लोकरीची घोंगडी त्याच्या खांद्यावर टाकली. भट्टीचं छोटं दार जरासं उघडून रेल्याच्या मुठीत ओकची डहाळी दिली आणि त्याच्या हाताने ओंडक्याला टकटक केलं. दोन ठिणग्या उडाल्या. "जितक्या ठिणग्या," तो पुटपुटला आणि पुढचे शब्द त्याला आठवेनात, किंवा बोलता आले नाहीत. त्याला आणि कोसाराला मूल झालं नव्हतं.

"द्या इकडे," मी म्हटलं.

"पाहुणा बसला पाहिजे. बसला नाही तर कोंबड्या अंड्यांवर बसत नाहीत." आणि तो रेल्याला मांडीवर घेऊन भट्टीच्या कट्ट्यावर बसला. रेल्याने त्याच्या मिश्या धरल्या. मला उभं राहवत नव्हतं आणि बसायला कुणी सांगत नव्हतं.

थोड्या वेळाने सगळे दारात आले, काळे झालेले, धापा टाकत. वुकोताने एका वाक्यात निकाल दिला. "आज आणि उद्या इथे कुणी काडी पेटवायची नाही. धुराडं थंड झालं की आतून बघतो, तडा असला तर पाडून बांधायचं."

तियानाने भट्टीला हात लावला आणि काढला नाही. भट्टी पहाटेच तापली होती, उद्यापर्यंत पुरणार होती. माझी चूल एव्हाना गार पडली असणार, हे तिलाही कळत होतं.

"आई," ती म्हणाली, "एक तर आत्ता क्रालेवोला निघू, नाहीतर इथे बसू. गारठ्यात मी त्याला ठेवणार नाही."

"पोर इथे राहील," रादिसाव म्हणाला. "त्याची आई राहील. मिल्यान माझ्या भावाचा मुलगा आहे, त्यालाही कुणी हाकललं नाही. ही मात्र नाही. ही पोराच्या पायाने आत आली, तेवढं पुरे. आता ही बाहेर गेली की या दारातून परत येणार नाही. मी जिवंत असेतो नाही."

"काका," मिल्यान म्हणाला.

"माझं घर आहे."

मी कुणाकडे बघितलं नाही. सरळ बाहेर पडले. मिल्यान मागे आला, त्याला मी म्हटलं, "जा, बायकोपाशी बस," आणि दार लावून घेतलं.

स्वयंपाकघरात वाफ दिसत होती, माझ्याच तोंडाची. मी कोट घालून टेबलाशी बसले. भाकरी तशीच होती, न मोडलेली. जमिनीवरच्या गवतावर काळं पाणी सांडलं होतं. मला वाटलं होतं रडू येईल, पण संताप आला. नातू आला होता, राहिला होता, उबेत होता, खोकत नव्हता. जे मी मागितलं ते सगळं मिळालं होतं, फक्त भिंतीच्या चुकीच्या बाजूला. पुढच्या वर्षीही हेच होणार होतं, त्याच्याच मांडीवर. मी काय करणार होते? भाकरी घेऊन त्याच्या पायरीवर उभी राहून हात पसरणार होते?

मग भिंतीपलीकडे रेल्या हसला. लहान मुलं हसताना श्वास आत ओढतात, तेही ऐकू आलं. हातभर अंतर असेल.

मी उठले आणि कोठारातून ओब्रादची पहार आणली. धुराड्यापासून चांगली तीन पावलं दूर जागा धरली, कमरेच्या उंचीवर. या भिंतीचा चिखल मीच पायांनी तुडवला होता, ती किती भक्कम आहे ते मला माहीत होतं. पहिल्या घावाला चुना उडाला.

"काय चाललंय?" रादिसावचा आवाज.

"दारातून येऊ नको म्हणालात ना. मी दारातून येत नाहीये."

"भिंत अर्धी माझी आहे."

"मी माझी अर्धी पाडतेय."

तिसऱ्या घावाला वीट हलली. चौथ्याला ती पलीकडे पडली आणि भोकातून ऊब माझ्या तोंडावर आली. भोकातून रादिसावची मांडी दिसत होती, घोंगडी दिसत होती, आणि रेल्याचा एक मोजा.

"धूळ पोराच्या तोंडात जातेय, बये."

"मग त्याला पलीकडे न्या."

तो उठल्याचा आवाज आला. तियाना काहीतरी म्हणाली, मिल्यान हसला की खोकला ते कळलं नाही. मी पहार वरच्या ओळीत घातली आणि जोर लावणार तेवढ्यात रादिसावचा चेहरा भोकापाशी आला, धुळीने पांढरा, डोळ्यांत तोच जुना राग.

"वरच्या ओळीला हात लावू नकोस," तो म्हणाला. "वर तुळई आहे. खालून काढ."

"मला शिकवू नका," मी म्हटलं, आणि खालची वीट धरली.